धामणडोहची पांढरी

पुंजाजी मेला तेव्हा त्याच्या तिरडीला चौथा खांदा मिळेना. नव्या वस्तीत चाळीस घरं, घरोघरी धडधाकट बाप्ये, आणि तिघांवर माणूस सरकेना. तिघेही सोयरे, बाहेरगावचे. शेवटी नांदुऱ्याहून एसटीनं आलेला मी, पन्नाशीकडे झुकलेला, दम्याचा, चौथा झालो. बाकीचे आपापल्या ओट्यावर बसून बघत होते. एकानं तर बिडी विझवायचीही तसदी घेतली नाही. गावबुडव्या म्हणायचे त्याला, अकरा वर्षं. लहान पोरंसुद्धा म्हणायची. गाव खरं कसं बुडालं हे दोघांनाच माहीत होतं, पुंजाजीला आणि मला. आता तो गेला, म्हणून मी सांगतोय. त्याच्या हयातीत सांगायची माझी छाती नव्हती. मी भित्रा माणूस आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

धामणडोह म्हणजे सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी माळ्यांची वस्ती. नाल्याला बारमाही पाणी, त्यामुळे वांगी, मिरची, मेथी, कांदा. सोनाळ्याच्या बाजारात धामणडोहची मिरची आली की बाया आधी तिकडे वळायच्या. गावाला लागूनच एक टेकाड होतं, दोन पुरुष उंच. त्याला सगळे पांढरी म्हणत. माती राखेसारखी पांढरी, मऊ, आणि पावलागणिक मातीच्या भांड्यांचे तुकडे. तांबडे, काळे, काही अर्धे काळे अर्धे तांबडे. कोण्या काळची माणसं तिथं राहून गेली होती, त्यांचं ते मोडकं घरदार. त्यांच्याच पुण्याईवर आपलं गाव बसलं आहे असं धामणडोहची माणसं मानायची, नवं पीक आलं की पहिली मूठ पांढरीवर ठेवायची. मी आधी सोनाळ्याच्या शाळेत मास्तर होतो. पोरांना घेऊन दोनदा त्या टेकाडावर गेलो होतो. पोरांनी खिसे भरभरून खापरं आणली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढं माझ्या तोंडून जे निघालं त्याची लाज ह्याच्यामुळेच आहे.

चीनच्या लढाईनंतर मिल्ट्रीला तोफा उडवायला मोकळी जागा पाहिजे होती. पायथ्याची सगळी पट्टी चांदमारीसाठी घेतली. नोटिसा निघाल्या, तारा ठोकल्या, लाल निशाणं लागली, तंबू पडले. धामणडोह त्या पट्टीच्या अगदी कडेला होतं. गाव उठवायचं ठरलंच होतं, पण हुकमात एक कलम होतं, मी स्वतः वाचलेलं. पट्टीत कुठं प्राचीन वस्तीच्या खुणा सापडल्या तर तेवढी जागा आणि तिच्या भोवतालचे दोन फर्लांग चांदमारीतून वगळायचे. दोन फर्लांगात धामणडोह अख्खं बसत होतं, नाल्यासकट. म्हणजे पांढरी नकाशावर चढली की गाव वाचलं. नाही चढली की गेलं. इतकं साधं होतं सगळं.

ह्या पाहणीसाठी पुण्याचे एक साहेब आले, शरच्चंद्र दाबके. विद्वान माणूस, खोटं बोलणार नाही. पण आमच्या बोलण्याला हसायचा. कोणी 'मले' म्हटलं की ओठ दाबायचा. त्याला नोंदी लिहायला कारकून हवा होता, म्हणून मला शाळेतून उचलून तिथं पाठवलं. वीस दिवस मिळाले होते. खोदायची परवानगी नव्हती. मिल्ट्रीची जमीन, कुदळ लावायची नाही. फक्त चालायचं, डोळ्यांनी बघायचं, मोजायचं, लिहायचं.

पुंजाजी पहिल्या दिवशी तंबूवर मेथी विकायला आला होता. काटकुळा, पंचेचाळीशीचा, डोक्याला मळकं फडकं. साहेब एक खापर हातात धरून निरखत होते. पुंजाजी उभा राहिला, बघितलं, आणि म्हणाला, "साहेब, तुमी ते उलटं धरून राह्यले. ते बूड नाई, काठ हाये. असं मोठ्ठं मडकं असन, रांजणावानी."

दाबक्यांनी खापर फिरवलं. काठच होता. त्याच दिवसापासून पुंजाजी आमच्यात आला.

असा डोळा मी दुसरा बघितला नाही. जन्मभर वांग्याच्या वाफ्यात वाकून गेलेला माणूस, जमिनीवर नजर रोवून चालायचा. आम्ही पाच जण दहा-दहा पावलांवर ओळीत चालायचो. कुठं खापर दिसलं की तिथं दोरीचं रिंगण टाकायचं, आतली खापरं जागच्या जागी मोजायची, मी वहीत उतरवायची. उचलायचं नाही, हा पहिला नियम. जागेवरून हललेलं खापर काही सांगत नाही, साहेब म्हणायचे. पुंजाजीला हे एकदाच सांगावं लागलं. पुढं तोच बाकीच्यांवर डाफरायचा, "हात नको लावू बे, तिथंच राहू दे." संध्याकाळी माझ्याजवळ बसून बिडी ओढायचा आणि दिवस मोजायचा. धामणडोहची पाळी शेवटून दुसऱ्या दिवशी होती.

"मास्तर, आमच्या पांढरीवर दोरी टाकायले जागा नाई पुरणार," तो म्हणायचा. "तुमची वही भरन."

मी हसायचो. काळजी करायचं कारणच नव्हतं.

बाराव्या दिवशी आम्ही चिचघाट नावाच्या वस्तीवर गेलो. तिथली माणसं तोंडात पान घोळवत हसत उभी. जमिनीवर खापरांचा खच. दाबके खूश झाले, मला म्हणाले लिहा. पुंजाजी उकिडवा बसला, एक तुकडा नखानं खरवडला, हुंगला, आणि परत ठेवला.

"हे कालचं हाये साहेब," तो म्हणाला. "कुंभाराच्या भट्टीतलं. राख अजून लागून हाये. आन हे पाह्या, खालचं गवत हिरवं हाये. दोन दिवस झाले नसन टाकून."

चिचघाटची माणसं त्याच्याकडे अशी बघत राहिली की मी वही मिटून मागं सरकलो. साहेबांचं तोंड मात्र लाल झालं. आपण फसणार होतो, तेही कारकुनासमोर, हे त्यांना झोंबलं. तिथंच त्यांनी नवा नियम काढला. कोणी गोळा करून आणलेलं, रचलेलं, हलवलेलं काहीही मोजायचं नाही. जिथं लोकांनी जागेशी छेडछाड केलेली दिसेल, ती जागा सरळ बाद. चिचघाट त्याच संध्याकाळी बाद झालं.

परतताना मी पुंजाजीला म्हटलं, "अरे, गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? गरीब माणसं ती."

"मले काय त्याईचं वाईट पाह्याचं व्हतं काय?" तो म्हणाला. "पन आज हे खोटं पचलं आन उद्या साहेबाले समजलं, तर आमच्या पांढरीवर त्यो ईसवास कसा ठेवन? त्याले वाटन, हे सगयेच लबाड. माह्या गावासाठी बोललो मी."

त्यानं चुकीचं काय केलं होतं, तुम्हीच सांगा.

नंतरचे पाच-सहा दिवस आम्ही पट्टीच्या दुसऱ्या टोकाला होतो. पास असल्याशिवाय तारांच्या आतबाहेर करता येत नव्हतं, म्हणून पुंजाजीही तंबूतच राहिला. दूधवाल्याबरोबर त्यानं घरी निरोप धाडला, गुरुवारी साहेब येऊन राह्यले, एवढाच.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. मयताच्या वेळी मडकं फोडतात. त्यामुळे फुटकं खापर म्हणजे मयताची खूण. दारात सोयरीक यायची असो, नवरी यायची असो, अंगणात खापराचा कपटा दिसता कामा नये. बाया आदल्या दिवशी वाकून वाकून एकेक कपटा वेचतात. आणि इथं तर अख्ख्या गावाचं नशीब लिहायला माणूस येणार होता.

गुरुवारी सकाळी आम्ही जीपमधून धामणडोहला पोहोचलो. त्या बाजूच्या तारा अजून ठोकायच्या होत्या. गावकरी टेकाडापासून लांब उभे. बाया डोक्यावर पदर घेऊन, नटूनथटून. सोबतच्या सुभेदारानं कोणाला जवळ येऊ दिलं नाही. पुंजाजीनं लांबूनच हात वर केला, बायकोला, सोजराबाईला. तिनंही केला. आम्ही पांढरीवर चढलो.

टेकाड झाडून लखलखीत केलेलं होतं.

एक खापर नव्हतं. एक कपटा नव्हता. शेणाचा सडा घातलेला, वर रांगोळी. नाल्याकडची दरड, जिच्यात खापरांचे थर उघडे दिसायचे, ती वरपासून खालपर्यंत पांढऱ्या मातीनं पोतारून गुळगुळीत केलेली, बोटांची नक्षी उठवलेली. आणि वरच्या सपाटीवर मधोमध एक पोतं, त्याला हळदकुंकू लावलेलं. तोंड सोडलं तर आत खापरं. तांबडी, काळी, अर्धी काळी अर्धी तांबडी. धुऊन, निवडून, काठ एकीकडे, बुडं एकीकडे.

पुंजाजी जागच्या जागी बसला.

दाबक्यांनी पोत्यातलं एक खापर उचलून परत टाकलं. मग म्हणाले, "हे काय आहे?"

"साहेब, हे बायाईनं केलं." पुंजाजीनं बसूनच हात जोडले. "तुमी येनार म्हनून. खापर असगुनी असते, म्हनून येचलं. बाकी नाल्यात सोडलं असन, आन तुमाले आवडते म्हनून हे पोतं तुमच्यासाठी ठिवलं. मीच घरी सांगत व्हतो, साहेब खापरं मोजते. जागचं हलवाचं नसते, हे सांगाचं राह्यलं. हा पोतारा माह्या घरवालीचा हाये साहेब, मी वयखतो तिचे बोटं. ह्यात लबाडी नाई."

"चिचघाटच्या लोकांनीही असंच काहीतरी सांगितलं होतं."

"ते टाकलं व्हतं साहेब. हे काढलं हाये."

"मला कसं कळणार? पोतं बाहेरून आणलं नाही कशावरून? आणि दरड कशासाठी लिंपली? काय झाकायचं होतं?"

पुंजाजीनं सुभेदाराकडे बघितलं. "एक हातभर खड्डा घेऊ द्या. नुसता हातभर. ह्या मातीत पाय टाकन तिथं निंगन." तो बोटांनीच उकरायला लागला. सुभेदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, खोदने का हुकुम नहीं है. माणूस वाईट नव्हता तो. पण हुकूम नव्हता.

मग दाबके माझ्याकडे वळले. वळतील हे मला माहीत होतं, आणि मी देवाचा धावा करत होतो की वळू नयेत.

"वैजनाथ, तुम्ही इथं जवळच मास्तर होतात ना? ही जागा आधी पाहिली आहे का? खापरं होती का इथं?"

दोनदा गेलो होतो. पोरांचे खिसे मी स्वतः रिकामे करवले होते. एवढं बोललो असतो तर त्यांना ते कागदावर घ्यावं लागलं असतं, आणि पुढं चौकशी झाली असती तर मला सही करून उभं राहावं लागलं असतं. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. घरी दोन मुली. साहेब आधीच चिडलेले, सुभेदार बंदुकीला टेकून उभा. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "नीट लक्षात नाही, साहेब."

पुंजाजीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

दाबक्यांनी वहीत लिहायला सांगितलं आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: वस्तीच्या खुणा आढळल्या नाहीत, जागेचा पृष्ठभाग हेतुपुरस्सर बदललेला आहे. पोतं पुरावा म्हणून जीपमध्ये टाकायला त्यांनी पुंजाजीलाच सांगितलं. त्यानं ते पाठीवर घेतलं आणि खाली उतरला. लांबून गावानं काय बघितलं? आपली भेट साहेबांनी घेतली आणि आपला पुंजाजी ती हौसेनं गाडीत ठेवतोय. बाया हसत होत्या. कोणीतरी नारळ फोडला.

जीप नाल्यापाशी थांबली तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता शिव्या घालेल.

"मास्तर, एक वचन द्या," तो म्हणाला. "बायाईनं झाडलं म्हनून गाव गेलं, हे कोनाले सांगायचं नाई. झाडू पयले माह्या घरवालीनं हातात घेतला असन, तिच्याबिगर कोनी हालत नाई. गाव तिले जित्ती ठेवनार नाई. आन तिचं तिले समजलं तर ते हिरीत उडी घेईन."

"मग गावाला काय सांगणार?"

"पाहीन मी."

त्यानं सांगितलं ते हे. महिन्याभरानं निकालाचा कागद आला आणि गाव त्याच्या दारात जमलं. तेव्हा तो म्हणाला, मीच साहेबाले सांगतलं की इथं काई नाई. काऊन सांगतलं, असं विचारलं तर गप्प. लोकांनी मग आपापल्या परीनं जुळवलं. साहेबांबरोबर वीस दिवस तंबूत खात होता. चिचघाटलाही ह्यानंच बुडवलं. साहेबानं ह्याला चपराशाची नोकरी कबूल केली असणार, तिच्यासाठी गाव विकलं. असं एकदा कोणीतरी बोललं आणि ते खरंच होऊन बसलं.

मे महिन्यात गाव उठलं. नांदुऱ्याच्या रस्त्याला मुरमाड माळावर जागा दिली. एक विहीर, तीही उन्हाळ्यात कोरडी. ज्यांची मिरची लोक वाट बघून घ्यायचे ते लोकांच्या कपाशीत रोजानं जायला लागले. पुंजाजीला कोणी कामावर बोलवेना. लग्नात ताट नाही, मयतात पाणी नाही, विहिरीवर त्याच्या घरच्यांची पाळी शेवटी. एकुलत्या मुलीचं लग्न जमेना, शेवटी लांब खानदेशात दिली. तो रस्त्यावर खडी फोडायला जायचा. हातांच्या नखांत आयुष्यभर माती होती, आता रक्त असायचं.

दोन वर्षांनी चांदमारीत निशाणं उभी करायला पांढरीतून खंदक काढला. माती मऊ, म्हणून तीच जागा निवडली. आतून भिंती निघाल्या, चुली निघाल्या, अख्खी मडकी निघाली. तिथं कामाला असलेल्या एका गवंड्यानं मला सांगितलं. मी पत्र लिहिलं, निनावी. निनावीच लिहिणार, दुसरं काय करणार मी? उत्तर कुठं येणार होतं. दाबके तोवर मोठ्या हुद्द्यावर गेले होते.

पुंजाजीला मी ही बातमी दिली. खडीच्या ढिगावर बसून भाकर खात होता. ऐकून घेतलं, एक घोट पाणी प्याला.

"अख्खी मडकी?" एवढंच विचारलं.

"हो."

"सांगतलं व्हतं मी," तो म्हणाला, आणि हातोडी उचलली. माझ्या त्या वाक्याबद्दल तो अकरा वर्षांत एकदाही बोलला नाही. मी दर दिवाळीला त्याच्याकडे जायचो, गूळ, साखर, काहीबाही घेऊन. त्यानं ते कधी परत केलं नाही. मला वाटायचं, करावं.

तेराव्याला मी परत गेलो. जेवायला कोणी आलं नव्हतं. सोजराबाई एकटीच ओट्यावर. पान वाढायची तयारी तशीच पडलेली. मी बसलो तशी ती जवळ आली.

"मास्तर, तुमी तवा संगं व्हते. आता त्यो नाई. खरं सांगा, नोकरीसाठी गाव इकलं त्यानं?"

वचन होतं. त्या माणसानं माझ्याकडं मागितलेली एकच गोष्ट. मी म्हणालो, "हो. तसंच झालं."

ती पडलेल्या पत्रावळी एकावर एक ठेवायला लागली. मग म्हणाली, "मंग ते नोकरी कुठं हाये?"

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"एक दिवस नोकरी केली नाई त्यानं. अकरा वर्स खडी फोडली. नोकरीसाठी इकलं आन नोकरी मिळाली नाई, तर मानूस साहेबाच्या दारात जाऊन बसन, भांडन. त्यो कवा गेला नाई. मी रोज इचार करत व्हती. तुमी काऊन खोटं बोलून राह्यले?"

मग मी सांगून टाकलं. झाडणं, सडा, पोतारा, पोतं, चिचघाट, दोरीचं रिंगण, सगळं. का सांगितलं? तिच्या डोळ्यांपुढं दुसरं खोटं रचायला मला जमलं नाही म्हणून. ती हाताची बोटं बघत होती, उलटी-सुलटी करून.

"त्याले माहीत व्हतं, मी झाडलं म्हनून?"

"पहिल्या क्षणापासून. तुमच्या बोटांची नक्षी ओळखली त्यानं."

"आन मले नाई बोलला."

"नाही."

"अकरा वर्स मी त्याले भाकर हातात देल्ली नाई, मास्तर," ती म्हणाली. "गाव म्हणे तसंच मी बी म्हने. जमिनीवर ठेवून पायानं पुढं सरकवत व्हती. त्यो उचलून खात व्हता."

ती रडली नाही. मी तिथंच माझंही वाक्य सांगायला हवं होतं, की तुमचा झाडू एकटा नव्हता बाई, माझ्या एका शब्दानं गाव वाचलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. साडेचारची एसटी आहे म्हणून मी उठलो.